सेगावातला ज्यू पाहुणा

परवा बऱ्याच दिवसांनी वर्ध्याला जाणं झालं. मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. शनिवारी लग्न उरकलं, परतीची गाडी रविवारी रात्रीची, म्हणजे मधला अख्खा दिवस मोकळा. गोरस भांडारातून गोरसपाकची पाकिटं घेऊन झाली (वर्ध्याहून पुण्याला परतताना ती न आणल्यास हापिसात प्रवेश मिळत नाही), जेवण झालं, थोडा लोळलो. चारच्या सुमारास मावशी म्हणाली, "काहून नुसता बसून राहिला? चाल, सेवाग्रामला जाऊन येऊ. प्रार्थना होईल."

मी बारावीपर्यंत वर्ध्यातच वाढलो. सेवाग्राम तिथून आठेक किलोमीटर. शाळेची सहल दुसरीकडे कुठे जायला पैसे नसले की सेवाग्राम ठरलेलं. बापू कुटी, सारवलेली जमीन, व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन, साप पकडायचा चिमटा. आम्हा पोरांना अर्थातच चिमट्यात जास्त रस. सापाला न मारता लांब नेऊन सोडायचे, एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं होतं.

यावेळी डोक्यात वेगळंच काहीतरी होतं. आधीचे काही आठवडे मी रात्री जागून १९३८-३९ सालच्या एका वादाबद्दल वाचत होतो. वाद पॅलेस्टाईनचा, आणि त्याला तोंड फुटलं ते आमच्या या गावातून. एवढ्या सहली झाल्या, पण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

का वाचत होतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल.

आमच्या कंपनीची एक टीम हैफाला आहे. त्यातल्या दोघांशी माझं रोजचं काम. एक जण बिल्ड आणि रिलीज बघतो, तो ज्यू. दुसरी टेस्टिंग बघते, ती अरब; इस्राएलचं नागरिकत्व असलेली पॅलेस्टिनी. सहा-सात वर्षांची ओळख. दोघंही एकदा पुण्याला येऊन मिसळ खाऊन गेलेत, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं होतं. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने दक्षिण इस्राएलमध्ये घुसून सुमारे १२०० माणसं मारली आणि २५१ जणांना पकडून नेलं. त्याचा चुलतभाऊ त्यात गेला. मी दुसऱ्याच दिवशी त्याला चार ओळी लिहिल्या. फार विचार करावा लागला नाही. माणूस गेलाय, आपण लिहितो.

मग गाझावर बॉम्ब पडायला लागले. रोजच्या कॉलवर ती असायची, पण आवाज बंद करून. नोव्हेंबरच्या शेवटी तिने चार दिवस रजा टाकली. गाझात तिचे नातेवाईक गेले, हे मला तिसऱ्याच कोणाकडून कळलं. मी मेल लिहायला घेतली. खोडली. परत लिहिली. तिला वाटेल इतक्या उशिरा का? त्याला कळलं तर वाटेल हा आता तिकडचा झाला? हापिसच्या मेलवर असलं लिहावं का? तीनदा लिहिली, तीनदा ठेवून दिली. बघता बघता दोन वर्षं गेली. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला, २०२५च्या ऑक्टोबरात युद्धविराम जाहीर झाला, आमची तीन रिलीज बाहेर पडली. मेल तशीच अर्धवट.

असो. तर गांधीजी.

एप्रिल १९३६च्या अखेरीस गांधीजी सेगावला राहायला आले. (तेव्हा नाव सेगावच होतं. बुलढाण्याकडच्या शेगावशी टपालाची गल्लत होते म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झालं.) जमनालाल बजाजांची जमीन, मातीच्या भिंती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. त्या चिखलातून जगभरची टपालं यायची. १९३८च्या नोव्हेंबरात ते सरहद्द प्रांताचा दौरा आटोपून परत आले, तोवर जर्मनीत ९ आणि १० नोव्हेंबरची ती फुटक्या काचांची रात्र होऊन गेली होती. ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली, हजारो माणसं छळछावण्यांत नेली. तिकडे पॅलेस्टाईनमध्ये १९३६पासून अरबांचा उठाव चालू होता आणि ब्रिटिश सैन्य तो मोडून काढत होतं. तुमचं मत सांगा, अशी पत्रं गांधीजींना येत होती.

२० नोव्हेंबर १९३८ला त्यांनी सेगावात लेख लिहिला, तो २६ तारखेच्या 'हरिजन'मध्ये आला. नाव साधंच, ज्यूंबद्दलचं. मी तो चार-पाच वेळा वाचला आणि दर वेळी मध्येच कुठेतरी अडखळलो.

सुरुवात फार प्रेमाची आहे. माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे, दक्षिण आफ्रिकेत मी त्यांना जवळून पाहिलंय, काही जण आयुष्यभराचे सोबती झाले, असं ते सांगतात. ख्रिस्ती जगाने ज्यूंना जे वागवलं त्याची तुलना ते आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी करतात. गांधीजींच्या तोंडी ही तुलना म्हणजे वेदनेचं त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं माप. पण लगेच पुढे म्हणतात की या सहानुभूतीपायी मला न्याय दिसेनासा होऊ नये. इंग्लंड जसं इंग्रजांचं, फ्रान्स जसं फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाईन अरबांचं. ब्रिटिश बंदुकीच्या आडून तिथे शिरणं चूक. अरबांनी केलेल्या अत्याचारांची मी पाठराखण करत नाही, त्यांनीही अहिंसेची वाट धरायला हवी होती, पण समोरची ताकद बघता त्यांच्या प्रतिकाराला मी नावं ठेवणार नाही, असं साधारण.

इथपर्यंत मला पटतं. एका बाजूचं दुःख आणि दुसऱ्या बाजूचा हक्क दोन्ही एका पानावर, आणि एकाच्या जोरावर दुसरं पुसलेलं नाही. आजच्या चर्चांमध्ये हे किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढे मात्र ते जर्मनीतल्या ज्यूंना सल्ला देतात. सत्याग्रह करा. मी तिथला ज्यू असतो तर जर्मनी माझाही देश आहे म्हणालो असतो, गोळी घाला नाहीतर कोठडीत टाका म्हणालो असतो. हिटलरने सगळ्यांची कत्तल केली तरी मनाची तयारी असेल तर तीही आनंदाने स्वीकारता येईल, इथपर्यंत ते जातात. हे वाचताना पोटात गोळा येतो. कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नव्हतं. त्याच लेखात ते हेही म्हणतात की माणुसकीसाठी म्हणून कुठलं युद्ध कधी समर्थनीय ठरूच शकत असेल, तर ते जर्मनीविरुद्धचं ठरेल. पण माझा युद्धावरच विश्वास नाही. जर्मन वर्तमानपत्रं या लेखावर भयंकर चिडली. ज्यूही दुखावले.

यात राजकारण नव्हतं का? होतं की. खिलाफतीच्या दिवसांत, १९२१ साली, त्यांनी पॅलेस्टाईन मुसलमानांच्याच ताब्यात राहायला हवं असं लिहिलेलं होतं, आणि ते धार्मिक कारणाने. हिंदू-मुस्लिम ऐक्याची काळजी त्यांच्या मनात कायम होती, आणि इतिहासकारांनी यावर बरंच बोट ठेवलंय. ते बरोबरही आहे. पण फक्त राजकारण म्हणून हा लेख निकाली काढता येत नाही, कारण यात एक माणूस आहे.

त्या माणसाचं नाव हर्मन कॅलेनबाख. आपल्या पाठ्यपुस्तकात हा टॉलस्टॉय फार्मपुरता एका ओळीत येतो. व्यवसायाने आर्किटेक्ट, जोहान्सबर्गमध्ये बस्तान बसलेला, अंगापिंडाने दणकट. १९१० साली त्याने आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना फुकट राहायला दिली, तोच तो टॉलस्टॉय फार्म. गांधीजी आणि तो एकत्र राहिले, एकत्र स्वयंपाक केला, चपला शिवायला शिकले. १९१४ साली दोघं बरोबरच आफ्रिकेतून निघाले, हिंदुस्थानात यायचं म्हणून, पण वाटेत लंडनला पोचायच्या आधीच महायुद्ध सुरू झालं. कॅलेनबाख जर्मन नागरिक. इंग्रजांनी त्याला येऊ दिलं नाही, उलट स्थानबद्ध करून टाकलं. त्यानंतर दोघांची गाठ पडली ती थेट मे १९३७मध्ये. तेवीस वर्षांनी!

या तेवीस वर्षांत जग उलटंपालटं झालं होतं आणि कॅलेनबाखसुद्धा. हिटलर आल्यापासून तो झायोनिस्ट चळवळीकडे ओढला गेला होता. ज्यू एजन्सीच्या मोशे शेर्टोकने (हे पुढे मोशे शारेत म्हणून इस्राएलचे पंतप्रधान झाले) त्याला पत्र लिहून गळ घातली होती की तुमचे जुने स्नेही आहेत, आमची बाजू त्यांना समजावा. म्हणजे एका अर्थी कॅलेनबाख वकील म्हणून आला होता. तो आधी पॅलेस्टाईन बघून आला, मग हिंदुस्थानात. जुलै १९३७मध्ये गांधीजींनी एक टिपण दिलं. त्यात ज्यूंच्या ओढीबद्दल आदर आहे, पण ब्रिटिश संगिनींचा आधार सोडा, अरबांच्या सदिच्छेवर विसंबा, हा आग्रहही आहे. ते टिपण तेव्हा छापलं गेलं नाही. आपण दोन्ही बाजूंत काही बोलणं घडवून आणावं असंही गांधीजींच्या मनात घोळत होतं. त्यातून काही निघालं नाही.

१९३९च्या सुरुवातीला कॅलेनबाख पुन्हा आला. म्हणजे तो लेख छापून आल्यावर. कल्पना करा, तुमच्या सगळ्यात जुन्या मित्राने जाहीरपणे लिहिलंय की तुमच्या लोकांनी छातीवर गोळ्या झेलाव्यात, आणि तुम्ही त्याच्याच घरी पाहुणे म्हणून राहायला जाताय. फेब्रुवारी १९३९च्या 'हरिजन'मध्ये गांधीजी या मित्राबद्दल नाव न घेता लिहितात. माझ्याजवळ एक ज्यू मित्र राहतोय. अहिंसा त्याला बुद्धीने पटते. पण हिटलरसाठी प्रार्थना करणं मला जमणार नाही, असं तो म्हणतो. जर्मनीतल्या अत्याचारांबद्दल बोलताना त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही. त्याच्या या रागावरून मी त्याच्याशी भांडत नाही.

शेवटच्या या वाक्यापाशी मी रात्री दीड वाजता थांबलो होतो.

कारण गांधीजी भांडणारा माणूस. स्वतःच्या बायकोशी, मुलांशी, नेहरूंशी, सुभाषबाबूंशी, आंबेडकरांशी, कोणालाही न सोडणारा. लाखो अनोळखी ज्यूंना ते त्या लेखात सांगू शकले की मनातून द्वेष काढा. हाच सल्ला समोर जेवायला बसलेल्या एकाला मात्र त्यांनी लावून धरला नाही. त्याचा राग त्यांनी राग म्हणून राहू दिला, आणि तो छापून जगाला सांगितला. याला विसंगती म्हणता येईल. माझ्या मते त्या सगळ्या वादात गांधीजी ज्यूंच्या सगळ्यात जवळ पोचले ते इथे.

लेखाचं उत्तर जेरुसलेमहून आलं. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर वर्षभरापूर्वीच, मार्च १९३८मध्ये, साठाव्या वर्षी जर्मनी सोडून तिथे गेले होते आणि हिब्रू विद्यापीठात शिकवत होते. त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष जूडा मॅग्नस, अमेरिकेत जन्मलेले रब्बी, पहिल्या महायुद्धाला उघड विरोध केलेले शांततावादी. बूबरचं पत्र २४ फेब्रुवारी १९३९चं, मॅग्नसचं २६चं. दोन्ही पत्रं एप्रिलमध्ये जेरुसलेमला एका पुस्तिकेत एकत्र छापली गेली. ही दोघं गांधीजींचे विरोधक नव्हते, चाहते होते. म्हणून ही पत्रं वाचवत नाहीत आणि सोडवतही नाहीत.

बूबर विचारतात की महात्माजी, छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे का? दक्षिण आफ्रिकेतले दीड लाख हिंदी लोक लढले तेव्हा त्यांच्या पाठीशी इकडे एक अख्खा देश होता. आमच्या पाठीशी कोण? सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. बंद भिंतीआड कोणी न बघता मेला, तर तो कसला सत्याग्रह? (हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मिठाच्या सत्याग्रहाला जगभरचे बातमीदार होते, छावणीत कोण होतं?) जमिनीबद्दल मात्र बूबर वेगळं बोलतात. अरबांचा हक्क ते नाकारत नाहीत. दोन हक्क एकमेकांसमोर उभे आहेत, कोणता खरा आणि कोणता खोटा हे मोजायला तागडी नाही, तेव्हा दोघांनाही जगता येईल अशी वाट काढायला हवी, असा त्यांचा सूर. हे नुसतं पत्रापुरतं नव्हतं. बूबर आणि मॅग्नस दोघंही ज्यू आणि अरब यांच्या बरोबरीच्या एकाच राज्यासाठी धडपडत राहिले, आपल्याच लोकांच्या शिव्या खात. १९४६ साली मॅग्नसने अँग्लो-अमेरिकन समितीपुढे तेच मांडलं. ऑक्टोबर १९४८मध्ये ते न्यूयॉर्कला वारले. तोवर इस्राएल झालं होतं, आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले होते.

बूबरच्या पत्राला गांधीजींचं उत्तर कुठेही नोंदलेलं नाही. आपलं एक विधान मात्र त्यांनी त्याच वर्षी जाहीरपणे मागे घेतलं. जर्मनीला इतर देशांनी शिक्षा करावी असं ज्यूंना वाटतं, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले होते. एका वाचकाने पुरावा मागितला. शोधून सापडला नाही, तेव्हा मे १९३९च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी विधान बिनशर्त परत घेतलं. त्याच जुलैत त्यांनी हिटलरला पत्र लिहिलं, जे सरकारने पुढे जाऊच दिलं नाही.

मग सात वर्षं मोठं असं काही नाही. थेट १४ जुलै १९४६, पाचगणी. तोवर छावण्यांची दारं उघडली होती आणि आतलं जगाने पाहिलं होतं. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार, जन्माने ज्यू, १९४२च्या जूनमध्ये सेवाग्रामला आठवडाभर राहून गेलेला, तो पुन्हा भेटला. गांधीजी खासगीत त्याला म्हणाले की ज्यूंची बाजूही भक्कम आहे. फिशरने ते पुढे छापलं. पाचगणीत लिहिलेल्या लेखात गांधीजींनी इतके दिवस आपण यावर जाहीरपणे काही बोललो नाही हे कबूल केलं. जगाने ज्यूंना क्रूरपणे वागवलं. हे झालं नसतं तर पॅलेस्टाईनला परतायचा प्रश्नच उठला नसता. पण अमेरिका आणि ब्रिटनच्या जोरावर, आणि आता उघड दहशतवादाच्या जोरावर, ज्यांनी तुम्हाला बोलावलं नाही त्यांच्यावर स्वतःला लादणं ही त्यांची घोर चूक आहे. २१ जुलैला हा लेख 'हरिजन'मध्ये आला. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, इर्गुन या ज्यू संघटनेने जेरुसलेममधलं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं. ९१ माणसं मेली. त्यात ब्रिटिश होते, अरब होते, आणि ज्यूही होते.

कॅलेनबाख हे बघायला नव्हता. तो मार्च १९४५मध्ये जोहान्सबर्गला गेला. त्याची रक्षा नंतर गॅलिलीच्या सरोवराकाठच्या देगानिया किबुत्झमध्ये पुरली गेली. वर्ध्याच्या मातीत झोपलेला माणूस अखेर तिकडे पोचला.

हे सगळं मावशीला रिक्षात सांगत होतो. मावशी निवृत्त शिक्षिका, सदतीस वर्षं पाचवी ते सातवीला इतिहास शिकवलेली. तिला मध्येच प्रश्न विचारायची सवय आहे. "आपल्याकडचे ते तेली ज्यू, कोकणातले, ते गेले ना तिकडं?" मी म्हटलं, हो, बेने इस्राएली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. मराठी बोलणारे, मराठीत ज्यू कथांची कीर्तनं करणारे. १९४८नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले आणि तिथे बाकीच्या ज्यूंनी तुम्ही खरे ज्यू नाहीच म्हणून लग्नाला आडकाठी केली. १९६४ साली त्यांनी जेरुसलेमला संप केला तेव्हा कुठे संसदेने त्यांना बरोबरीचं मानलं. अश्दोद, दिमोना, लोद या गावांत आजही मराठी ऐकू येतं. "म्हणजे तिथं पण शिवाशीव," मावशी म्हणाली.

मुंबईत मांडवीला सॅम्युएल स्ट्रीटवर त्यांचं सगळ्यात जुनं प्रार्थनामंदिर आहे, १७९६ सालचं. सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने बांधलेलं. तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता, आणि टिपूच्या आईने मध्यस्थी केली म्हणून सुटला, अशी कथा सांगतात. मशीद बंदर स्टेशनातली 'मशीद' म्हणजे हीच, असंही सांगतात. मंदिराचं नाव शआर हारहमिम. म्हणजे दयेचं द्वार. हिब्रूतला 'रहमिम' आणि अरबीतला 'रहीम' हे शब्द एकाच धातूपासून आलेत आणि दोन्ही भाषांत त्याच धातूचा शब्द आईच्या गर्भाशयालाही आहे. मला हे शब्दांचे खेळ फार आवडतात म्हणून सांगितलं, विषयांतराबद्दल क्षमस्व.

पण अगदी विषयांतरही नाही. कारण वर्ध्यात ही जोडी आधीच कोणीतरी लावून ठेवली होती. पवनारला धाम नदीकाठी राहणाऱ्या विनोबांनी १९३९च्या सुमारास अरबी शिकून कुराण मुळातून वाचायला घेतलं, आणि पुढे १९६२ साली त्याचं सार पुस्तकरूपाने काढलं. त्यांच्या सर्वधर्मीय नाममालेत देवाच्या नावांत रहीमही आहे आणि ज्यूंचा यहोवाही आहे, 'यह्व' या रूपात. वर्ध्याच्या कित्येक घरांत ही नाममाला पोरांना तोंडपाठ असते. आम्हीही शाळेत म्हणायचो. त्यातला एक शब्द ज्यूंच्या देवाचा आहे हे मला चाळिशीत कळलं :-)

याच विनोबांनी १९५३ साली चांडिलच्या सर्वोदय संमेलनात एक गोष्ट सांगितली होती, ती मला या प्रकरणात सारखी आठवत राहते. लढाईत जखमी झालेल्यांची जे शुश्रूषा करतात ते मोठं काम करतात, पण त्यामुळे लढाई थांबत नाही. ती करुणा निष्ठुरतेच्या राज्यात प्रजा म्हणून राहते. राज्य निष्ठुरतेचंच चालतं. आपल्याला राज्यच करुणेचं हवं. मला हे पटतं आणि मग मीच स्वतःशी वाद घालतो की ते राज्य येईतो काय? दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी एक ओळ लिहायला राज्य कशाला यायला हवं?

सेवाग्रामला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. १९३६ साली गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळ मोकळ्या जागेत प्रार्थना होते. वीस-पंचवीस माणसं असतील. काही आश्रमातली, काही नई तालीमची मुलं, एक कुटुंब छत्तीसगडहून आलेलं. गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक झाले, कुराणातला भाग झाला. अरबी शब्द वऱ्हाडी उच्चारात. माझ्या मनात आलं की १९३९ साली तो दणकट म्हातारा इथे बसला असेल, आणि हिटलरसाठी प्रार्थना करणं मला जमणार नाही असं म्हणाला असेल. मग प्रार्थनेच्या वेळी तो काय करत असेल? उठून जात असेल, की गप्प बसून राहत असेल?

परतताना मी मावशीला हैफाच्या दोघांचं सांगितलं. मेलचंही सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"मग विचारलं का नाही तू तिला?"

"आता दोन वर्षं झाली मावशी. आता काय विचारणार?"

"काहून? तिच्या घरचे परत आले का?"

यावर काय बोलणार.

रात्री गाडीत वरचा बर्थ होता. बडनेरा गेल्यावर मी ती जुनी मेल उघडली. त्यातली युद्धाबद्दलची वाक्यं काढून टाकली, 'दोन्ही बाजूंनी' हे शब्द काढले, माझ्या उशिराची लांबलचक सफाई होती ती एका ओळीवर आणली. शेवटी दोनच प्रश्न उरले. कोण गेलं, आणि त्यांचं नाव काय होतं.

उत्तर मंगळवारी आलं. तिच्या आजीची बहीण १९४८ साली याफाहून गाझाला गेली, तिचं सगळं कुटुंब तिथलंच. त्यातले नऊ जण. तिने नऊही नावं लिहिली होती, वयांसकट. सगळ्यात लहान दोन वर्षांचा. खाली लिहिलं होतं की हापिसातून हे विचारणारा तू दुसरा. पहिला कोण तेही तिने सांगितलं होतं. चुलतभाऊ गेलेला आमचा तो बिल्डवाला. त्याने डिसेंबर २०२३मध्येच विचारलं होतं, त्या चार दिवसांच्या रजेनंतर ती कामावर आली त्याच दिवशी, कॉफीच्या मशीनपाशी.